गजमोक्षाचे गुणदोष

या, असे जवळ सरका. दाराशी बसलात तर निम्मी गोष्ट पंखाच खाऊन टाकेल. चपला आत घेतल्या तरी चालतील. आमच्या गल्लीतली कुत्री एकेकच पाय पळवतात, दुसरा कोणाला उपयोगी पडू नये म्हणून. बसलात? आता तुम्हाला अशी हकिकत सांगतो की तिच्यात तुरुंग आहे, गोळीबार आहे, हेलिकॉप्टर आहे, आणि या सगळ्याच्या मधोमध झांजा घेतलेले चौदा म्हातारे आहेत. खोटं एक अक्षर नाही. थोडं मीठ आहे, ते आधीच कबूल करतो. मिठाशिवाय आमटी होत नाही, मग हकिकत कशी होईल?

तर आमची साताऱ्यातली कॉलनी. मी जोतीराम, पाटबंधारे खात्यातला निवृत्त हेडक्लार्क, वय अडुसष्ट, व्यसन एकच: कीर्तन. वीणेची तार लागली की मला चहा लागत नाही, असं आमच्या सौभाग्यवती विजयमालाबाई चारचौघांत सांगतात. (चहा लागतो. पण कीर्तन संपल्यावर.) कॉलनीत गोकुळाष्टमीचं कीर्तन मी सुरू केलं आणि पहिल्या वर्षापासून ते एकाच माणसाने केलं, मेढ्याचे तानाजीबुवा. बुवा कोयनानगरच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर होते. दिवसा गज जोडायचे, संध्याकाळी माणसं जोडायचे. आवाज असा की माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला कळत नाही.

बुवांचं सगळं गोड. एकच गोष्ट मला खुपायची, आणि जरा जास्तच खुपायची. पहिली सोळा वर्षं आमच्याकडे देव शास्त्राप्रमाणे रात्री बारा वाजता जन्मायचा. नंतर एका वर्षी बुवा म्हणाले, "अण्णा, आवंदा जरा लवकर उरकू." तेव्हापासून गेली नऊ वर्षं आमच्या कॉलनीत श्रीकृष्ण पावणेनऊला जन्मतो. पाळणा हलला की बुवा उपरणं झटकतात, प्रसादाची पुडी खिशात टाकतात आणि मेढ्याची शेवटची एसटी गाठतात. मी दर वर्षी पान वाढून बसतो, आणि दर वर्षी ते पान हंबीरराव जेवतात. हंबीरराव म्हणजे आमचे शेजारी, माण तालुक्यातले, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. दोन घास झाले की म्हणतात, "बुवांना दुसरीकडं मोठी सुपारी असंल बगा. मोठी मान्सं हायती." माझ्या घशाखाली मग सुंठवडा उतरत नसे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. गेल्या वर्षी आषाढात मंडळाची सभा झाली. नवे अध्यक्ष जयराज, वय चौतीस, टाइल्सचं दुकान, मनाने वाईट नाही पण हातात सतत रिमोट असल्यासारखा बोलतो.

"अण्णा, मागच्या अष्टमीला कीर्तनाला माणसं किती होती?"

"अकरा."

"त्यातली जागी?"

मी मनात देवाची क्षमा मागितली आणि म्हणालो, "सात."

"म्हणजे मंडप दोनशेचा, आणि जागी माणसं सात. त्यातले एक तुम्ही, एक काकू, एक तबलेवाला. तो झोपला तर कसं व्हायचं! या वर्षी शंभर माणसं जमवा. जमली तर बुवांचं कीर्तन कायम. नाही जमली तर पुढच्या वर्षापासून अष्टमीला मोठा पडदा लावायचा आणि सिनेमा दाखवायचा. हात वर करा."

हात वर झाले. माझाही अर्धा झाला, कारण मला वाटलं चहा किती हे मोजतायत.

त्या रात्री मी देवापुढे बसलो आणि म्हणालो, पांडुरंगा, हे बुवांचं पंचविसावं वर्ष. आणि शंभर माणसं मी काय पिशवीतून आणू? दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर उघडला आणि पांडुरंगाने उत्तर धाडलेलं! आठव्या पानावर कोपऱ्यात काळी-पांढरी जाहिरात होती. ठसठशीत अक्षरं: 'गजमोक्ष'. खाली 'सांगलीत प्रचंड गर्दीत'. चित्रात दोन हात, त्या हातांत वरून खाली आलेली जाड काळी सोंड, आणि मागे पाण्याचा फवारा.

मला तुम्ही सांगा, यात माझं काय चुकलं? गज म्हणजे हत्ती. मोक्ष म्हणजे सुटका. पाण्यात मगरीने गजेंद्राचा पाय धरला, त्याने सोंडेत कमळ धरून देवाला हाक मारली, आणि देव जेवत्या पानावरून उठून धावला. ही कथा बुवांच्या तोंडून मी नऊ वेळा ऐकली आहे आणि नऊ वेळा रडलो आहे. तिच्यावर सिनेमा निघाला आणि तो सांगलीत प्रचंड गर्दीत चालतोय, म्हणजे कलियुग संपत आलं की काय, असंच मला वाटलं. विजयमाला म्हणाली, "अहो, पण हत्ती कुठं दिसत नाही." मी म्हणालो, "हत्ती महाग असतो. जाहिरातीत सोंडच परवडते."

मी बुवांना फोन लावला. "बुवा, गजमोक्षावर सिनेमा आलाय."

"हत्तीचा? बगू की!" बुवा म्हणाले. मग जरा थांबून, "पर अण्णा, पाचच्या आत मी घरला पाय लावाय पायजे."

पुन्हा तेच. मनात म्हटलं, असेल मोठी सुपारी.

माझी योजना अशी होती. बुवांसह भजनी मंडळाच्या चौदा जणांना आणि विजयमालाला सिनेमा दाखवायचा, आणि अष्टमीला बुवांनी कीर्तनातून त्याचे गुणदोष सांगायचे. सिनेमा म्हटला की पोरंटोरं येणार. मी त्याच दिवशी पत्रकं छापून घेतली: 'गजमोक्ष! तुफान गाजणाऱ्या चित्रपटाचे गुणदोष! थेट कीर्तनातून! ह.भ.प. तानाजीबुवा मेढेकर.' जयराजने पत्रक वाचलं, ओठ आवळले आणि म्हणाला, "अण्णा, छापलं पण?"

"हजार."

"वाटा वाटा," तो म्हणाला आणि घाईघाईने फोन आल्यासारखं करून निघून गेला. त्या वेळी मला वाटलं, पोरगं हरलं.

सांगलीला जायचं म्हटल्यावर कॉलनीत सल्ल्यांचा पूर आला. कोणी म्हणालं कापूस घ्या, आवाज फार असतो. कोणी म्हणालं स्वेटर घ्या, आत थंडी सोडतात. हंबीररावांनी गाडी ठरवली. ती वरातीची निघाली. तिच्या कपाळावर 'शुभविवाह' लिहिलेलं आणि रिव्हर्स घेतला की आत सनई वाजायची. पहाटे साडेपाचला आम्ही निघालो, कराडला चहासाठी गाडी मागे घेतली आणि सनईने सगळं हॉटेल बाहेर आलं, नवरी बघायला. बाहेर उतरलो आम्ही.

थिएटरच्या दारात मशीन होतं. आमच्या झांजा त्यातून जाताना ते असं किंचाळलं की मला उभ्या उभ्या काशी दिसली. दारावरच्या मुलीने पिशवी उघडली.

"काका, हे काय?"

"झांजा. आणि हा नारळ. पडदा सुरू झाला की वाढवणार."

"बाहेरचे खाद्यपदार्थ आत चालत नाहीत."

"अगं, हा देवाचा आहे!"

"देवाचा असला तरी बाहेरचाच आहे ना," ती म्हणाली. वर विचारलं, "आणि पिक्चर फक्त प्रौढांसाठी आहे, माहिती आहे ना?"

मी छाती पुढे काढली. "बाई, आमच्या मंडळात सगळ्यात लहान मी आहे."

दिवे गेले. पडद्यावर अंधार. अंधारातून हळूहळू उभ्या काळ्या रेघा उजळल्या आणि वर नाव उमटलं, 'गजमोक्ष'. आम्ही चौदा जणांनी हात जोडून एका सुरात "जय हरी!" असा गजर केला. मागच्या रांगांतल्या पोरांना वाटलं आम्ही हिरोचा फॅन क्लब. त्यांनी शिट्ट्या मारल्या. मी समाधानाने मागे वळून नमस्कार केला.

मग पडद्यावर तुरुंग आला. मी वाट पाहिली. जेलर आला. वाट पाहिली. एका कैद्याने दुसऱ्याच्या डोक्यात ताट घातलं. मी विजयमालाच्या कानाशी म्हणालो, "पूर्वजन्म दाखवतायत." अर्धा तास झाला तरी पूर्वजन्म संपेना. तेव्हा पलीकडून बुवांचा शांत आवाज आला.

"अण्णा, गज म्हंजी हत्ती न्हवं ह्यो. खिडकीचा गज हाय. अर्धा इंची."

सोंड नव्हती ती! गज होता! ज्याने लोखंडाचे गज जोडण्यात हयात घालवली, त्या माणसाला मी गजाचा सिनेमा हत्तीचा म्हणून दाखवायला आणला होता. आणि गावात हजार पत्रकं वाटून आलो होतो.

सिनेमा थोडक्यात सांगतो. निरपराध नायक तुरुंगात. त्याच्या कोठडीत एक म्हातारा कैदी, स्वयंपाकघरात काम करणारा. तो नायकाला घोंगडीचे धागे वळून त्यांना वाळू लावायला शिकवतो, आणि नायक त्या धाग्याने अकरा महिने एक गज कापतो. कापण्याचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून म्हातारा रोज संध्याकाळी मोठ्याने गाणी म्हणतो, त्यापायी मार खातो. शेवटी गज तुटतो, नायक भिंतीवर चढतो, आणि खालून जो गोळीबार सुरू होतो, तो इतका अचानक, की आमचे हंबीरराव खुर्चीवरून उठून ओरडले, "पोझिशन! लेट जाव!" तीस वर्षांची फौज, काय करणार! त्यांच्या आवाजात जरबच अशी की चार टाळकरी खुर्च्यांखाली आडवे झाले. तिघे उठले. चौथ्याचा गुडघा अडकला, आणि त्याला काढायला बॅटरी घेऊन दोन माणसं आली, त्यामुळे नायकाला उचलायला आलेल्या हेलिकॉप्टरचा प्रसंग आमच्या रांगेने निम्माच पाहिला.

शेवटी नायक समुद्रकिनाऱ्यावर काळा चष्मा घालून शहाळं पितो. संपला. दिवे लागले. लोक टाळ्या वाजवत होते, आणि त्या टाळ्यांतून विजयमालाचा आवाज खणखणीत उठला.

"आणि त्या म्हाताऱ्याचं काय झालं?"

मी तिची पिशवी उचलली आणि दाराकडे निघालो.

परतीच्या गाडीत मी तोंड लपवून बसलो. सांगलीत आलोय तर भडंग घेऊ म्हणून सगळे उतरले, बुवा मात्र उतरले नाहीत. "उशीर हुईल," एवढंच. मला वाटलं रागावलेत. विजयमाला इस्लामपूरपर्यंत म्हणत होती, "गाणी म्हणून मार खाल्ला हो त्यानं. त्याचं काय झालं?" कराडला हंबीरराव वैतागले, "आवं वहिनी, सिनेमातला हाय त्यो! घरला गेला असंल जेवायला!"

साताऱ्याच्या अलीकडे मी धीर केला. "बुवा, चूक झाली. कीर्तन रद्द करतो. नाक गेलं माझं, पण तुमचं नाव जायला नको."

बुवा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पत्रकात काय छापलंय?"

"सिनेमाचे गुणदोष."

"मग सांगू की गुणदोष. सिनेमा न्हाई का बगितला आपुन? पैसं देऊन बगितलाय." आणि पुढे, अगदी वेल्डरच्या आवाजात, "एक सांगतो. त्या गजाचं वेल्डिंग कच्चं हुतं."

पण अजून चौकी बाकी होती. लाउडस्पीकरच्या परवानगीचा माझा अर्ज आधीच गेला होता. कोणत्याही अर्जात एक रकाना रिकामा सोडायचा नाही, हा माझा छत्तीस वर्षांचा नियम. 'कार्यक्रमाचे नाव' इथे मी 'गजमोक्ष' लिहिलं होतं. 'स्वरूप' इथे 'धार्मिक'. आणि 'प्रात्यक्षिक अथवा देखावा आहे काय' या रकान्यात 'होय', कारण आपण पाळणा हलवतो. हवालदारांनी मला बोलावून घेतलं. त्यांनी सिनेमा दोनदा पाहिला होता.

"अण्णा, हे धार्मिक कसं? यात तुरुंग फोडतात."

"विषय थोडा बदललाय," मी म्हणालो. "कारागृहातून सुटका, गुण आणि दोष."

"म्हणजे पळून कसं जावं, त्यातले गुणदोष सांगणार?"

"तसं नव्हे..."

"आणि वर प्रात्यक्षिक!"

पाळणा म्हणजे पाळणाच, दोरी म्हणजे पाळण्याचीच, भिंतीवरून सोडायची नव्हे, हे मी त्यांना दीड तास समजावलं. दोरीची लांबी अर्जावर लिहून दिली. शेवटी परवानगी मिळाली, पण शेरा पडला: 'पोलीस कर्मचाऱ्याच्या उपस्थितीत'. कीर्तनाला बंदोबस्त लागलेला जिल्ह्यातला पहिला माणूस मीच असेन.

अष्टमी उजाडली. संध्याकाळी सहा वाजता मंडपात मी, विजयमाला, हंबीरराव, आणि हवालदार. सव्वासहाला मोटारसायकली यायला लागल्या. कॉलेजची पोरं, पोरी, बाजारपेठेतले दुकानदार, पोवई नाक्यावरचे रिक्षावाले. सगळ्यांच्या हातात माझं पत्रक. जयराज दारात उभा राहून मोजत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलत होता. शंभर झाले. दोनशे झाले. खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या, पोरं भिंतीवर चढून बसली. हवालदारांनी त्या भिंतीकडे जरा संशयाने पाहिलं.

पण जमवणं वेगळं आणि बसवणं वेगळं. पोरं हसायला आली होती, हे मला दिसत होतं. मोबाईल वर धरलेले. कोणीतरी शिट्टी मारली. बुवा उभे राहिले. पांढरं धोतर, उपरणं, गळ्यात वीणा. नमन झालं आणि भिंतीवरून एकजण ओरडला, "बुवा, हेलिकॉप्टर कधी येतंय?"

मी डोळे मिटले.

"येतंय की रं," बुवा म्हणाले, "त्याच्यावरच बोलायचंय. पर पयले गुण. वंगाळ नंतर. सिनेमातला पयला गुण म्हंजी त्यो गज. अकरा महिनं एक गज! धाग्यानं! मी बत्तीस वर्सं लोखंडात काढली हायती, त्या गड्याचा धीर बगून मी हात जोडलं. तुमच्या फोनवरचं ते गोल गोल फिरतंय, त्ये अकरा सेकंद फिरलं तर तुमी फोन आपटताय!"

हशा पिकला. मोबाईल थोडे खाली आले.

"दुसरा गुण. कुठला पहारेकरी कवा शिंकतो ह्ये बी त्याला ठावं. माणसाकडं असं ध्यान द्यावं. आपल्या घरात कोन कवा रडतंय ह्ये आपल्याला ठावं नसतंय. आता दोष! घ्यायचं का?"

"घ्या!" मंडप ओरडला.

"चाळीस शिपाई बंदुका झाडत्यात. चाळीस! अन् गड्याचा भांग बी इस्कटंना! हवालदारसायेब, असं नेम असत्यात व्हय तुमचं?"

हवालदार उभे राहिले. "मुळीच नाही!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. खाली बसताना त्यांच्या हातात हंबीररावांच्या झांजा होत्या, त्या कधी गेल्या कोण जाणे.

"अन् त्ये हेलिकॉप्टर. गड्यांनो, मला एवढंच सांगा. हेलिकॉप्टर बोलवायची सोय हुती, तर अकरा महिनं गज कशाला कापला?"

मंडप आडवा झाला. भिंतीवरचा शिट्टीवाला खाली उतरला आणि पुढे येऊन सतरंजीवर बसला.

मग बुवांनी वीणेवर हळूच बोट फिरवलं. "पर मोठा दोष म्या न्हाई काढला. त्यो आमच्या विजयमालाताईंनी काढला, थेटरात, समद्यांम्होरं. त्यांनी इचारलं, त्या म्हाताऱ्याचं काय झालं?" विजयमालाने पदर डोक्यावर ओढला, पण खुशीत होती. "ज्यानं शिकवलं, ज्यानं मार खाल्ला, त्यो आतच ऱ्हायला. अन् आपुन टाळ्या वाजवल्या. म्याबी वाजवल्या.

"आता आपली गोष्ट. हितंबी गज. हितंबी पहारा. बेड्या गळल्या, शिपाई झोपलं, दारं उघडली. डोईवर टोपलं घिऊन वसुदेव भाईर पडला. नदीनं वाट दिली. पल्याड गोकुळ. दूध, लोणी, नंदाचं घर, सखा सोयरा. आता कुनी धरनार न्हाई. कुनी बगत न्हाई. आरं, त्यो सुटला हुता! मग सांगा, त्यो तिथं ऱ्हायला का?"

बुवांनी वीणेची तार एकदाच छेडली.

"न्हाई. त्यो माघारी फिरला. सुटल्याली नदी पुन्यांदा वलांडली. त्याच तुरुंगात, त्याच कोठडीत, आपल्या पायांनी आत गेला. का रं? आत कोन हुतं?"

पहिल्या रांगेतून, झांजा मांडीवर ठेवून हवालदार म्हणाले, "देवकी."

"देवकी!" बुवांचा आवाज छताला लागला. "पळून जानं सोपं हाय, गड्यांनो. त्याला जोर लागतोय. माघारी यायला लय मोठं काळीज लागतंय."

त्यानंतर जे झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण चष्मा पुसत होतो. पावणेनऊला देव जन्मला. पाळण्याच्या दोरीला पोरांची झुंबड उडाली, आणि कॉलेजची पोरं सुंठवडा मागून मागून खात होती. जयराज माझ्याजवळ आला. "अण्णा, चारशे बारा. भिंतीवरची वेगळी." मग म्हणाला, "मी हरलो म्हणून वाईट वाटत नाही हो. बरं वाटतंय."

त्याने बुवांना शाल घातली, आणि माइकवरून म्हणाला, "बुवा, आज पंचविसावं वर्ष. आज आम्ही सोडणार नाही. आज राहायचं, जेवायचं." चारशे लोक ओरडले, "राहा! राहा!"

बुवा घड्याळाकडे बघत होते. माइक बाजूला करून ते हळू म्हणाले, पण त्यांच्या आवाजाला हळू येतच नाही, "आवं, ऱ्हायलो आसतो. पर आमची देवकी आत हाय."

हळूहळू कळलं. बुवांच्या मंडळी, बनाबाई, नऊ वर्षांपासून अंथरुणाला खिळलेल्या. उजवी बाजू गेलेली. शेजारीण येऊन बसते, पण रात्री दहानंतर तिला तिचं घर असतं. या माणसाने नऊ वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. आणि मी? मी नऊ वर्षं रिकाम्या पानापुढे बसून माझा अपमान कुरवाळत होतो. हंबीरराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुपारी म्हनलो न्हवं मी? तोंड जळो माजं."

जयराजने स्वतः गाडी काढली. एसटीतून एवढा डबा नेता आला नसता: पुरणपोळी, आमटी, सुंठवडा, आणि विजयमालाने दिलेली साडी. मागे मी आणि हंबीरराव. रस्ताभर बुवांनी मला एकच विचारलं, "अण्णा, बरं झालं न्हवं?" बरं! मला वाटत होतं, आजवर देवाने माझ्यासाठी एवढं मोठं काही केलं नाही.

बनाबाई जाग्याच होत्या. डाव्या हाताने पदर सावरून त्या म्हणाल्या, "आलासा? मान्सं हुती का?"

"चारशे," बुवा म्हणाले.

"चारशे!" त्या हसल्या. "म्या आयकाय पायजे हुतं. नऊ वर्सं झाली तुमचं कीर्तन आयकून."

जयराज तिथेच उंबऱ्यावर उभा होता. हातातला रिमोट खाली पडल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

म्हणून यंदाची अष्टमी आमच्या कॉलनीत झाली नाही. ठराव जयराजने मांडला आणि या वेळी सगळे हात पूर्ण वर झाले, माझे तर दोन्ही. आम्ही मेढ्याला गेलो. चार गाड्या, त्यांत ती सनईवाली पण. तिने बुवांच्या दारात रिव्हर्स घेतला तेव्हा आळीतली सगळी माणसं बाहेर आली. हवालदार रजा टाकून आले, झांजा घेऊन. थिएटरातून परत आणलेला नारळ विजयमालाने वर्षभर देव्हाऱ्यात ठेवला होता, तो बुवांच्या उंबऱ्यावर वाढवला. (वाळून खडखडीत झाला होता. पण खोबरं निघालं.) बनाबाईंची खाट अंगणात, पहिल्या रांगेच्याही पुढे. आणि दहा वर्षांनी बुवांनी घड्याळ न बघता कीर्तन केलं. देव शास्त्राप्रमाणे, बरोब्बर बारा वाजता जन्मला. पाळण्याची दोरी बनाबाईंनी डाव्या हाताने ओढली, आणि इतक्या जोरात ओढली की बाळकृष्ण जवळजवळ जयराजच्या मांडीवर आला.

झाली गोष्ट. चहा होईलच आता. पण उठण्याआधी एक मागणं आहे माझं. तुम्ही सिनेमे बघणारी माणसं. बघा, जरूर बघा. मी स्वतः तो 'गजमोक्ष' परत एकदा पाहिला, अर्धं हेलिकॉप्टर राहिलं होतं ना! पण पडद्यावर दार उघडेल, गडी भिंतीवरून उडी टाकेल, आणि सगळं थिएटर टाळ्या वाजवायला लागेल, तेव्हा एक टाळी हातात राखून ठेवा. आणि मेढ्याच्या बनाबाईंची आठवण काढा.